हनीकोंब कँडीला जाळी पडावी म्हणून: पुण्यातल्या स्वयंपाकघरासाठी पायरी-पायरीने कृती

पहिल्यांदा मी हनीकोंब केली ती ऐन जुलैत. संध्याकाळी ट्रेमध्ये सोनेरी, फुगलेली, तोडली की कटकन आवाज करणारी कँडी तयार होती. घरातल्यांनी खाल्ली, उरलेले तुकडे ताटलीत झाकून ठेवले. सकाळी झाकण काढलं तर ताटलीत तपकिरी चिकट पाणी आणि त्यात अर्धवट विरघळलेले तुकडे. काय चुकलं ते शोधत मी दोन आठवडे तीच कृती पुन्हा पुन्हा वाचत होते. कृतीत चूक नव्हती. ती परदेशातल्या कुणीतरी लिहिलेली होती आणि तिच्यात पुण्याचा पावसाळा धरलेला नव्हता.

त्यानंतर पुष्कळ वेळा केली. कधी पाक कच्चा राहिला, कधी करपला, कधी चॉकलेट पांढरं पडलं. तुमची साखर आणि चॉकलेट तरी वाया जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

ज्यांनी ही कँडी खाल्लेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: साखरेचा अगदी कडक पाक करायचा, त्यात खाण्याचा सोडा घालायचा, तो फसफसून फुगतो, आणि थिजला की आत भरपूर जाळी असलेली हलकी, कुरकुरीत कँडी होते. तोडल्यावर मधाच्या पोळ्यासारखी दिसते म्हणून हे नाव. मध घालायलाच हवा असं नाही. ऑस्ट्रेलियात १९१३ पासून ‘व्हायोलेट क्रम्बल’ आणि ब्रिटनमध्ये १९२९ पासून ‘क्रंची’ या नावाने तिच्या चॉकलेट लावलेल्या वड्या विकल्या जातात. न्यूझीलंडमध्ये हिला ‘होकी पोकी’ म्हणतात आणि तिचे बारीक तुकडे व्हॅनिला आइस्क्रीममध्ये घालतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरोघरी फेटली गेलेली डालगोना कॉफी आठवते ना? ते नाव कोरियातल्या साखर-सोड्याच्या कँडीवरून आलं. ती या हनीकोंबची चपटी बहीणच.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी बांधलेली आहे. या पदार्थात सगळा खेळ पाण्याचा आहे. पाकातलं पाणी जवळजवळ पूर्ण घालवायचं, आणि नंतर हवेतलं पाणी परत आत शिरू द्यायचं नाही. चॉकलेट चवीसाठी आहेच, पण ते कँडीचा रेनकोटही आहे.

१. आधी दिवस निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. संक्रांतीच्या आधी पुण्यात हलवा करायला बसतात तो हाच काळ, कारण हलव्याला काटा यायला गार, कोरडी हवा लागते. हनीकोंबलाही तीच हवा मानवते, आणि चॉकलेटही या दिवसांत नीट सेट होतं.

मार्च ते मेमध्ये दुपारची हवा खूप कोरडी असते, त्यामुळे कँडी उत्तम होते. अडचण चॉकलेटची. खऱ्या चॉकलेटमधलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि एप्रिलमध्ये पुण्यातलं स्वयंपाकघर दुपारी सहज तेवढं तापतं. या महिन्यांत कँडी दुपारी करा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, आणि चॉकलेटचं काम पहाटे किंवा एसीच्या खोलीत करा.

जून ते सप्टेंबर करू नका असंच मी सांगेन. कुणाचा वाढदिवस असेल आणि करणं भागच असेल, तर खोली बंद करून दोन तास आधी एसी लावा आणि कँडी गार झाल्या झाल्या चॉकलेटमध्ये बुडवा. तरीही गौरी-गणपतीच्या फराळात ठेवायला म्हणून आदल्या आठवड्यात करून ठेवू नका. टिकणार नाही.

ऋतू कुठलाही असो, शेजारच्या शेगडीवर कुकर, भाताचं पातेलं किंवा चहाचं आधण ठेवू नका. एका कुकरच्या शिट्ट्यांनी ओटा किती दमट होतो ते खिडकीच्या काचेवर दिसतं.

२. सामान जमवा

कँडीसाठी, आठ इंची चौकोनी ट्रेच्या हिशोबाने:

- साखर २०० ग्रॅम
- लिक्विड ग्लुकोज १०० ग्रॅम
- पाणी ५० मिली
- खाण्याचा सोडा १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन छोटे चमचे
- चिमूटभर मीठ

आवरणासाठी:

- चॉकलेट ४०० ग्रॅम. लागतं त्याहून कमी, पण बुडवायला भांड्यात खोली हवी. उरलेलं परत वापरता येतं.

भांडी आणि साधनं:

- जाड बुडाचं स्टीलचं पातेलं, किमान तीन लिटरचं
- २०० अंशांपर्यंत मोजणारा, दांडीचा स्वयंपाकाचा थर्मामीटर
- डिजिटल वजनकाटा
- आठ इंची चौकोनी केकचा ट्रे
- बेकिंगचा पार्चमेंट पेपर किंवा सिलिकॉनची शीट
- लांब दांड्याचा व्हिस्क, सिलिकॉनचं उलथनं, छोटा ब्रश, चहाची बारीक गाळणी, काटा
- घट्ट झाकणाचा स्टीलचा किंवा काचेचा डबा

या यादीतल्या तीन-चार गोष्टींवर नवीन माणूस हमखास अडकतो.

*लिक्विड ग्लुकोज* म्हणजे पाणी घालून प्यायची ग्लुकोजची पावडर नव्हे. केकच्या सामानाच्या दुकानात डबीत मिळणारा, काचेसारखा पारदर्शक, अतिशय चिकट द्रव असतो. तो साखरेला पुन्हा दाणे धरू देत नाही. नुसत्या साखरेचा पाक कडक होताना एका क्षणात रवाळ होऊ शकतो. ग्लुकोज असेल तर तो धोका खूप कमी होतो. मोजताना चमच्याला चिकटून हैराण करतो, म्हणून पातेलंच काट्यावर ठेवा, शून्य करा, आणि ओल्या चमच्याने थेट त्यात घाला.

ग्लुकोजऐवजी सगळा मध घालू का, असं मला सगळेच विचारतात. घालू नका. मध लवकर करपतो, शिवाय तो हवेतली ओल ओढून घेतो, त्यामुळे कँडी लवकर चिकट होते. वासासाठी हवाच असेल तर १०० ग्रॅम ग्लुकोजमधला एक मोठा चमचा कमी करून तेवढा मध घाला. मी कधी कधी मधाऐवजी काकवी घालते. कोल्हापूरकडची चांगली दाट काकवी असेल तर त्या एका चमच्याने कँडीला जी खमंग चव येते ती मला मधापेक्षा जास्त आवडते. पूर्ण गुळाची मात्र करू नका. गूळ इतक्या तापमानापर्यंत टिकत नाही, आधीच कडवट होतो.

*खाण्याचा सोडा* ताजा हवा. फराळाच्या वेळी आणलेली, अर्धी उघडी पुडी चालणार नाही. चमचाभर लिंबूरसात चिमूटभर टाकून बघा, जोरात फसफसला तर घ्या. बेकिंग पावडर हा वेगळा पदार्थ आहे, त्यात स्टार्च आणि आम्ल असतं, तिने ही जाळी पडत नाही. आणि धुण्याचा सोडा घरात असेल तर तो डबा त्या दिवशी ओट्यावर ठेवूच नका.

*बटर पेपर*. आपल्याकडे किराणा दुकानात बटर पेपर म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा साधा तेलकट कागद असतो. त्यावर १५० अंशांचा पाक ओतला की कागद कँडीला असा चिकटतो की खरवडूनही निघत नाही. माझा एक अख्खा घाणा कागदासकट टाकावा लागला आहे. दुकानात ‘ओव्हनमध्ये चालणारा, सिलिकॉनचा थर असलेला पार्चमेंट’ असं स्पष्ट सांगून घ्या. बटर पेपरच हाताशी असेल तर त्याला तुपाचा पातळ हात लावा, तरी खात्री नाही.

*पातेलं* मोठं हवं म्हणजे हवंच. पाक बुडाशी दोन बोटं दिसतो आणि सोडा घातल्यावर काठापर्यंत चढतो. अ‍ॅल्युमिनियमचं नको, सोड्याने ते काळपट पडतं. काळ्या नॉनस्टिकमध्ये पाकाचा रंग दिसत नाही, आणि इथे रंग दिसणं फार गरजेचं आहे.

सामान रविवार पेठेत बोहरी आळीच्या आसपास किंवा तुमच्या भागातल्या केकच्या सामानाच्या दुकानात शोधा. ट्रे, डबे, गाळणी तुळशीबागेत मिळतील. वजनकाटा घेतला नसेल तर आधी तो घ्या. वाटीच्या मापाने ही कँडी एकदा जमते आणि तीनदा फसते.

३. थर्मामीटर पुण्याच्या पाण्यात तपासा

ही पायरी मला कुठल्याच कृतीत सापडली नाही, आणि माझ्या बऱ्याच करपलेल्या घाण्यांचं कारण तीच होती.

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. उंचीवर हवेचा दाब कमी, म्हणून इथे पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. पाकाचंही तसंच: समुद्रकिनारी १५० अंशांना पाक जितका कोरडा होतो, तितका तो पुण्यात १४८ लाच होतो. कृतीत १५०-१५२ लिहिलंय म्हणून वाट बघत बसलात तर तुम्ही पाक दोन-तीन अंश जास्त आटवता, आणि शेवटच्या टप्प्यात तेवढ्यानेही कडवटपणा येतो.

तेव्हा असं करा. पातेल्यात पाणी खळखळ उकळवा, थर्मामीटरची दांडी बुडवा, पण बुडाला टेकू देऊ नका. स्थिर झालेला आकडा लिहून ठेवा. त्यात ५० मिळवा. तो तुमचा पाकाचा आकडा. माझा थर्मामीटर उकळत्या पाण्यात ९७ दाखवतो, म्हणून मी १४७ ला गॅस बंद करते. यात उंचीचा फरक आणि थर्मामीटरचा स्वतःचा दोष, दोन्ही एकदम निघून जातात.

४. सगळं हाताशी मांडा

सोडा घातल्यानंतर तुमच्याकडे अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ असतो. म्हणून गॅस पेटवायच्या आधी ट्रेला पार्चमेंट लावा, कडांच्या वर दोन इंच येईल इतका उंच. सोडा दोनदा गाळून छोट्या कोरड्या वाटीत काढा. सोड्याची बारीकशी गुठळी राहिली तरी कँडीत तपकिरी, कडू ठिपका येतो, जिभेला लगेच कळतो. व्हिस्क, उलथनं आणि सांडशी उजव्या हाताला ठेवा.

आता जपायचं ते. १५० अंशांचा पाक उकळत्या तेलाइतकाच वाईट भाजतो, वर तो कातडीला चिकटून राहतो. लहान मुलांना स्वयंपाकघरात येऊ देऊ नका, त्यांना पुढे चुरा करायचं काम द्या. अंगात सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, ओढणी काढून ठेवा. भाजलंच तर लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली हात धरा आणि वीस मिनिटं तसाच धरून ठेवा. टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टरकडे जा.

५. पाक करा

पातेल्यात आधी पाणी, मग ग्लुकोज, मग साखर मधोमध घाला. कडांना साखर लागू देऊ नका. मंद आचेवर ठेवून साखर विरघळेपर्यंत हलक्या हाताने ढवळा. सगळे दाणे गेले की चमचा काढून घ्या आणि आच मध्यम करा. आता उकळी आल्यापासून शेवटपर्यंत ढवळायचं नाही. कडेला दाणे दिसले तर ओल्या ब्रशने खाली उतरवा. एक दाणा पाकात पडला तर त्याच्याभोवती सगळा पाक दाणे धरू शकतो.

इथे आपल्या एका चांगल्या सवयीला मुरड घाला. मळी काढायला आपण पाकात चमचाभर दूध घालतो. या पाकात दूध चालत नाही, ते जळतं. थोडा फेस आला तर तसाच राहू द्या.

आईने कधी थर्मामीटर वापरला नाही. वाटीत गार पाणी, त्यात पाकाचा थेंब, आणि कान. चिक्कीचा गूळ झाला का हे ती थेंब वाटीच्या काठावर आपटून ठरवायची. टण्ण वाजला की कढई खाली. हनीकोंबचा पाक त्याच जातीचा. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे टप्पे तो बघता बघता ओलांडतो. मग एक टप्पा येतो तिथे भलेभले फसतात: थेंब पाण्यात कडक होतो, पण चावला की दाताला चिकटतो. तो पाक अजून कच्चा आहे. आणखी थांबलं की थेंब काचेसारखा तुटतो आणि दाताला अजिबात चिकटत नाही. हाच आपला पाक.

थर्मामीटर असला तरी पहिल्या तीन-चार वेळा ही परीक्षाही करा. थेंब घेताना गॅस क्षणभर बंद करा.

मध्यम आचेवर हे सगळं दहा-बारा मिनिटांत होतं. ११० च्या आसपास आकडा हलतच नाही असं वाटेल. तेव्हा पाणी निघून जात असतं, त्याला वेळ लागतो. आच वाढवू नका. १३५ च्या पुढे तो भराभर चढतो. तिथून पातेल्यासमोरून हलू नका, फोन घेऊ नका, दार वाजलं तर दुसऱ्या कुणाला उघडू द्या. रंग फिक्या मधासारखा आणि आकडा तुमच्या ठरलेल्या आकड्यावर आला की गॅस बंद.

६. सोडा घाला

पाकाचे बुडबुडे बसेपर्यंत चार-पाच सेकंद थांबा. मीठ आणि सगळा सोडा एकदम, पृष्ठभागावर पसरून टाका, आणि व्हिस्कने बुडापासून गोल फिरवत पाच-सहा सेकंद ढवळा.

पहिल्या फेऱ्याला काही होत नाही. दुसऱ्याला पाकाच्या कडेने पांढुरका फेस धरतो. तिसऱ्याला अख्खं पातेलं श्वास घेतल्यासारखं वर येतं. पारदर्शक पाक अपारदर्शक होतो, फिका पिवळा, मग पिकल्या लिंबासारखा, मग मधासारखा सोनेरी, आणि भाजल्या साखरेचा खमंग वास घरभर पसरतो. उष्णतेने सोड्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो घट्ट पाकात अडकतो, त्याचीच जाळी होते. सोडा अल्कधर्मी असल्याने साखरेचा रंगही एकदम गडद होतो. म्हणून पाक आधी फिकाच हवा. सोडा घालण्यापूर्वीच तो तपकिरी असेल तर कँडी कडू होणार हे नक्की.

सोड्याची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की थांबा. जास्त ढवळलं तर तुम्ही तयार केलेले बुडबुडे तुम्हीच फोडता.

लगेच ट्रेच्या मधोमध, पातेलं ट्रेच्या जवळ धरून ओता. पातेल्याला राहिलेलं खरवडून त्याच्यावर टाकू नका. उलथन्याने पसरवू नका, ट्रे आपटू नका, उचलून दुसरीकडे नेऊ नका. केकच्या मिश्रणाचा ट्रे आपटायची सवय हाताला असते, ती इथे सगळी जाळी बसवते. मिश्रण कोपऱ्यांत पोचलं नाही तरी चालेल.

७. गार होऊ द्या आणि तोडा

एक ते सव्वा तास. पंख्याखाली ठेवलं तरी चालेल, फ्रीजमध्ये नाही. फ्रीजमधून बाहेर काढल्यावर गार भांड्यावर जसे पाण्याचे थेंब धरतात तसेच कँडीवर धरतील, आणि मग पुढचं काम करण्यात अर्थ नाही.

ट्रेचा तळ हाताला पूर्ण गार लागला की कागदासकट बाहेर काढा. सुरीच्या पाठीने किंवा बत्त्याने हलका ठोका द्या, फुटेल तिथून फुटू द्या. चौकोनी वड्या पाडायचा आग्रह धरला की निम्मा चुरा होतो. मला तर वेडेवाकडे तुकडेच आवडतात. तुटलेल्या बाजूवरची जाळी चॉकलेटखालूनही जाणवते. तुकडे एका घासाचे ठेवा. अर्धा खाऊन ठेवलेला तुकडा उघडा पडतो आणि तासाभरात चिकटतो.

तुकडे चाळणीत घेऊन हलकेच हलवा, म्हणजे धूळ खाली पडेल. ती चॉकलेटमध्ये गेली तर आवरण खरखरीत होतं. हा चुरा टाकू नका. कोरड्या बाटलीत भरा आणि व्हॅनिला आइस्क्रीमवर, अगदी खायच्या वेळी घाला. मुलं खूश होतात.

लगेच चॉकलेट लावणार नसाल तर तुकडे त्याच मिनिटाला डब्यात बंद करा.

८. चॉकलेट वितळवा

पाकिटामागची यादी वाचा. त्यात हायड्रोजिनेटेड व्हेजिटेबल फॅट असेल तर ते कंपाउंड. कोको बटर असेल आणि दुसरी चरबी नसेल तर ते खरं चॉकलेट.

पहिल्या वेळी कंपाउंड घ्या. ते ४५ अंशांपर्यंत वितळवून थेट वापरता येतं. चव खऱ्या चॉकलेटइतकी येत नाही, तोंडात थोडं मेणचट लागतं, पण पहिल्याच दिवशी पाक आणि टेम्परिंग (चॉकलेट चकचकीत सुकावं म्हणून ते ठरावीक अंशांपर्यंत तापवून परत उतरवणं) अशा दोन्ही गोष्टी शिकायला जाऊ नका. एकदा कँडीवर हात बसला की खऱ्या डार्क चॉकलेटकडे वळा. हनीकोंब अतिशय गोड असते, तिला ५५ ते ६५ टक्के कोकोचा किंचित कडवटपणा फार छान साथ देतो. मिल्क चॉकलेट लावलेली मला दोन तुकड्यांपुढे खाववत नाही.

खऱ्या डार्क चॉकलेटचं टेम्परिंग असं: ४०० ग्रॅम बारीक चिरा. २७० ग्रॅम वितळवून ४५ ते ४८ अंशांवर आणा. बाकीचं थोडं थोडं घालत सतत ढवळा, ३१-३२ अंशांपर्यंत उतरू द्या. सुरीच्या टोकाला लावून बघा. गार खोलीत पाच मिनिटांत चकचकीत सुकलं तर तयार. मिल्क चॉकलेटला २९-३० अंश. पाकिटावर कंपनीने वेगळे आकडे दिले असतील तर ते पाळा. टेम्परिंग न करता लावलंत तर एक-दोन दिवसांत त्यावर राखेसारखे पांढुरके पट्टे येतात. खायला वाईट नसतं, पण कुणाला द्यायचं असेल तर मन खट्टू होतं.

पुन्हा पाणी आलंच. उकळत्या पाण्यावर भांडं ठेवून वितळवत असाल तर वरचं भांडं खालच्याच्या तोंडावर घट्ट बसलं पाहिजे, आणि उचलल्यावर त्याचं बूड लगेच पुसा. वाफेचे दोन थेंब आत गेले तरी चॉकलेट आवळून पिठाच्या गोळ्यासारखं होतं. मायक्रोवेव्ह असेल तर तोच वापरा: अर्ध्या ताकदीवर वीस-वीस सेकंद, दर वेळी ढवळून.

९. बुडवा

खोली २० ते २२ अंशांची असेल तर उत्तम. एक तुकडा चॉकलेटमध्ये सोडा, काट्याने उलटा, उचला, भांड्याच्या काठावर दोन-तीनदा टेकवा, जादा चॉकलेट गळू द्या, आणि पार्चमेंटवर सरकवा. चॉकलेटमध्ये रेंगाळू देऊ नका.

सुकल्यावर प्रत्येक तुकडा उलटून बघा. जिथे तो कागदावर टेकला होता तिथे आणि काट्याच्या दातांच्या जागी हमखास बारीक भोक राहतं. त्या टाचणीएवढ्या भोकातून ओल आत जाते, आणि दोन दिवसांनी तिथून पाकाचा तपकिरी थेंब बाहेर आलेला दिसतो. बोटाने थोडं चॉकलेट लावून भोकं बुजवा. मी आता सगळ्यांनाच दोनदा बुडवते, पातळ पातळ. वेळ जातो, पण ते तुकडे टिकतात.

वरून काही लावायचं असेल तर चॉकलेट ओलं असतानाच. जाडं मीठ दोन-चार कण, किंवा भाजलेल्या काजूचा चुरा. माझ्या नणंदेने सुंठपूड भुरभुरवली होती, ती चव आता आमच्याकडे कायमची झाली.

१०. ठेवा आणि द्या

घट्ट झाकणाचा डबा, थरांच्या मध्ये कागद, आणि खाद्यपदार्थांसाठीची सिलिका जेलची एक पुडी. थंडीत दोनदा बुडवलेले तुकडे माझ्याकडे तीन आठवडे कुरकुरीत राहिले आहेत. नुसती कँडी डब्यातसुद्धा चार दिवसांपलीकडे धरू नका. उन्हाळ्यात फ्रीजशिवाय इलाज नसेल तर बंद डबाच आत ठेवा, आणि बाहेर काढल्यावर तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, साधारण तासभर, झाकण उघडू नका.

विकायचा विचार असेल तर आधी एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी करा, ती घरगुती धंद्यालाही लागते. पाकिटावर चॉकलेटमधलं दूध, सोया, वरून लावलेला सुका मेवा यांचा उल्लेख करा, कुणाला त्याची अ‍ॅलर्जी असू शकते.

बिघडलं तर कुठे बघायचं

चघळावी लागतेय, दाताला चिकटतेय: पाक कच्चा राहिला. पुढच्या वेळी दोन अंश पुढे जा. फार कमी फुगली: सोडा जुना किंवा ढवळणं जास्त. मध्ये मोठी पोकळी आणि तिथेच कडवट: ट्रे लहान पडला, थर जाड झाला, आतला भाग बराच वेळ तापलेला राहिला. पाकच रवाळ झाला असेल तर टाकू नका. पाव वाटी पाणी घालून सगळं विरघळवा आणि पुन्हा पहिल्यापासून आटवा. करपलेला पाक मात्र कशानेच सुधारत नाही.

सगळं झाल्यावर पातेलं घासत बसू नका. पाकाच्या वर येईल इतकं पाणी भरा, व्हिस्क आणि उलथनंही त्यातच टाका आणि पाच मिनिटं उकळा. आपोआप सुटतं.